रोडॉप्सिन दिसत नाहीये? नवी अँटिबॉडी मागवण्याआधी हे बघा

"ताई, अँटिबॉडी मेली." दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी उघडा लॅपटॉप हातात धरून माझ्या बाकापाशी येतं आणि हेच वाक्य म्हणतं. स्क्रीनवर उंदराच्या रेटिनाचा सेक्शन, म्हणजे पातळ काप असतो, केंद्रकं रंगवणाऱ्या डापीचे निळे पट्टे झकास आलेले असतात, आणि जिथे रोडॉप्सिनला धरणाऱ्या अँटिबॉडीचा झगझगीत हिरवा पट्टा हवा तिथे काळोख. अकरा वर्षांत ही तक्रार मी चाळीसेक वेळा तरी निस्तरली असेल. त्यात अँटिबॉडी खरोखर मेलेली होती ती फक्त दोनदा.

रोडॉप्सिन, म्हणजे डोळ्यातल्या रॉड पेशींत प्रकाश टिपणारं प्रथिन, हे काही शोधून काढावं लागणारं प्रथिन नाही. रॉड पेशीच्या आउटर सेगमेंटमध्ये, म्हणजे बाहेरच्या टोकात, चकत्यांची चळत असते, त्या चकत्यांच्या पडद्यातल्या प्रथिनांपैकी ८५ ते ९० टक्के हे एकटंच असतं. उंदराच्या एका रॉडमध्ये त्याचे सहा-सात कोटी रेणू असतात. इतकं ठासून भरलेलं प्रथिन अजिबात दिसत नसेल, तर चूक बहुधा बारीक नसते, चांगली ढोबळ असते. म्हणून मी ढोबळ चुकांपासून सुरुवात करते आणि नवी कुपी मागवायचा विचार सगळ्यात शेवटी.

खाली लिहिलंय ते मुख्यतः एका मांडणीबद्दल आहे: उंदराच्या रेटिनाचे १० ते १४ मायक्रॉनचे क्रायोसेक्शन (गोठवून घेतलेले काप), आणि १डी४ ही उंदरात बनवलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी, जिला ॲलेक्सा ४८८ किंवा ६४७ हा रंग थेट चिकटवलेला आहे. १डी४ रॉबर्ट मोल्डे यांच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात गाईच्या रोडॉप्सिनविरुद्ध तयार झाली. ती रोडॉप्सिनच्या अगदी शेपटाला, शेवटच्या आठ-नऊ अमिनो आम्लांना धरते. ही शेपटाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

थेट रंगवलेली का, असं विचाराल, तर उंदराच्या ऊतीवर उंदराचीच अँटिबॉडी टाकून वर अँटि-माउस दुय्यम अँटिबॉडी, म्हणजे उंदराच्या अँटिबॉडीला धरणारी रंगीत अँटिबॉडी घातली, की ती उंदराच्या रक्तवाहिन्यांतल्या स्वतःच्या आयजीजीलाही (अँटिबॉडीलाही) पकडते आणि सगळीकडे जाळं दिसतं. थेट रंगवलेल्या अँटिबॉडीने ती कटकट जाते. पण दुय्यम अँटिबॉडी सिग्नल वाढवून देते ती सोयही जाते. त्यामुळे इथे चुकीला माफी कमी.

लक्षणं

आधी नीट आलेली स्लाइड कशी दिसते ते सांगते. डापीत तीन निळे पट्टे: गँग्लियन पेशींचा विरळ, मधला बऱ्यापैकी जाड, आणि बाहेरचा सगळ्यात जाड, त्यात केंद्रकांच्या दहा-बारा रांगा. त्या बाहेरच्या पट्ट्याच्याही पलीकडे इनर सेगमेंटची थोडी अंधारी पट्टी, आणि मग वीस-पंचवीस मायक्रॉन उंचीचा झगझगीत पट्टा. ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली त्यात एकेक रॉड शेजारी शेजारी दाटीने उभा दिसतो, शेतात जोंधळ्याची ताटं उभी असावीत तसा.

बिघडलेल्या स्लाइडची रूपं ठरलेली आहेत. एक, पूर्ण काळोख. दोन, सिग्नल आहे पण फिका. पूर्वी १०० मिलिसेकंदात मिळणारं चित्र आता दोन सेकंद एक्सपोजर देऊनही मातकट. तीन, सगळंच चमकतंय: रॉड, आरपीई (रेटिनामागचा काळा पेशीथर), रक्तवाहिन्या, सेक्शनच्या कडा. चार, चित्र स्वच्छ, पण प्रत्येक रॉड पोकळ नळीसारखा, फक्त कड रंगलेली. पाच, सेक्शनभर आणि सेक्शनबाहेरच्या काचेवरही ठिपके. सहा, सिग्नल भरपूर पण भलत्या जागी, बाहेरच्या केंद्रकांभोवती कड्यांसारखा.

या सहाव्या लक्षणाला घाईने बिघाड म्हणू नका. रेटिना झिजायला लागली किंवा सुटून आली, की रोडॉप्सिन खरोखरच इनर सेगमेंटमध्ये आणि केंद्रकांभोवती साचतं. एका विद्यार्थिनीने तीन आठवडे ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून आधी घालायचं द्रावण) बदलून बदलून ते "घालवायचा" प्रयत्न केला. शेवटी कळलं, तेच तिचं निष्कर्षाचं चित्र होतं. निरोगी, त्याच वयाच्या उंदराच्या सेक्शनमध्येही तसंच दिसत असेल तरच पुढे वाचा.

पहिली पाच मिनिटं: मायक्रोस्कोप

खर्च शून्य, म्हणून इथून सुरुवात.

६४७चा रंग वापरताय आणि आयपीसमधून बघून "काही नाही" म्हणताय? त्याचा प्रकाश साधारण ६६५ नॅनोमीटरच्या आसपास बाहेर पडतो, आणि तो आपल्या डोळ्याला जवळपास दिसतच नाही. गंमत अशी की बघणाऱ्याच्या डोळ्यातलं रोडॉप्सिन ५०० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात तल्लख असतं आणि इतक्या गडद लाल प्रकाशाची दखलही घेत नाही. ज्या प्रथिनाचा फोटो काढायचा, तेच इथे आंधळं. कॅमेऱ्यानेच बघा.

दुसरं, दिवा. जुन्या मायक्रोस्कोपवर अजून पाऱ्याचा दिवा असतो. पाऱ्याच्या प्रकाशाच्या ठळक रेषा ३६५, ४०५, ४३६, ५४६, ५७८ अशा आहेत. ६५०च्या आसपास ठळक अशी एकही नाही. म्हणून डापी लख्ख दिसतो आणि ६४७ मरगळलेला, आणि दोष जातो अँटिबॉडीवर. शेजारच्या एलईडी किंवा लेझरच्या यंत्रावर तीच स्लाइड लावून बघा. दिव्याचे तासही बघा: २००-३०० तासांच्या पुढे गेलेला दिवा फिका पडतो आणि फुटायचीही भीती असते.

तिसरं, फिल्टरचा ठोकळा बरोबर आहे का, शटर उघडलंय का, आणि आधीच्या माणसाने सॉफ्टवेअरमध्ये काय ठेवून दिलंय. एकदा चित्र होतं, पण डिस्प्लेची वरची मर्यादा आदल्या दिवशीच्या कुणाच्या तरी भगभगीत नमुन्यानुसार लावलेली होती. 'ऑटो' दाबलं आणि रेटिना उगवली. तो मुलगा माझ्याकडे बघेना.

हे सगळं तपासायला एक जुनी, खात्रीची स्लाइड हवी. आमच्याकडे फ्रीजमध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेल्या दोन आहेत, वर लाल मार्करने "हात लावू नये" असं लिहिलंय. ती स्लाइड आजच्या यंत्रावर नीट दिसली तर यंत्र सुटलं. ती पण काळी दिसली तर तुमच्या प्रयोगाला शिव्या देणं थांबवा.

थेंबाची परीक्षा

ही माझी आवडती. अर्धा मायक्रोलिटर अँटिबॉडी स्वच्छ काचेवर ठेवा, वर कव्हरस्लिप, आणि त्याच चॅनेलमध्ये बघा. शेजारी त्याच बफरचा नुसता थेंब. अँटिबॉडीचा थेंब चमकत असेल तर रंग जिवंत आहे, फिल्टर बरोबर आहे. चमकत नसेल तर रंग उडालाय किंवा कुपीत भलतंच काही आहे. हो, कुपीत भलतंच काही असतं. न रंगवलेल्या आणि रंगवलेल्या १डी४च्या कुप्या शेजारी शेजारी ठेवल्या की असं होतंच.

या परीक्षेतून इतकंच कळतं की रंग चमकतो. अँटिबॉडी रोडॉप्सिनला धरते का, हे कळत नाही. पण अर्ध्या शंका इथेच मिटतात.

रॉड आहेत तरी का?

ऐकायला खुळचट वाटेल, पण "पूर्ण काळोख" या तक्रारीचं माझ्या अनुभवात हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. डापीतल्या बाहेरच्या पट्ट्यात रांगा मोजा. दहा-बारा असतील तर ठीक. एक-दोनच असतील तर उंदराचं कार्ड बघा. एफव्हीबी आणि सी३एच या जातींत आरडी१ हा दोष असतो आणि तीन-चार आठवड्यांत त्यांचे जवळपास सगळे रॉड संपतात. दिसायला उंदीर ठणठणीत, पिंजऱ्यात इकडून तिकडे धावतोय, पण डोळ्यात रोडॉप्सिन नाही. उंदरांच्या पाळणाघरात संकर झालेले असले तर काळ्या उंदरातही हा दोष येऊन बसलेला असू शकतो. जनुकतपासणी करून घ्या. अँटिबॉडीच्या कुपीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

वयही बघा. उंदराच्या पिलांचे डोळे १२ ते १४ दिवसांनी उघडतात. आठवड्याच्या पिलात आउटर सेगमेंट जेमतेम फुटलेला असतो, पूर्ण उंची यायला तीन आठवडे जातात. आठ दिवसांच्या पिलाचं चित्र मोठ्या उंदराशी ताडून बघू नका.

आणि रांगा बरोबर, वय बरोबर, तरी काळोख असेल तर साध्या प्रकाशात किंवा डीआयसीमध्ये (न रंगवता आकार दाखवणाऱ्या पद्धतीत) बघा: केंद्रकांच्या बाहेर झालर आहे का? रेटिना आणि आरपीई यांच्यात जोड नसतो, नुसती फट असते. डोळा कापताना, लेन्स ओढताना किंवा सेक्शन धुताना आउटर सेगमेंट तिथून तुटून येतात आणि आरपीईला चिकटून राहतात, नाहीतर वॉशबरोबर सिंकमध्ये जातात. आरपीईच्या काळ्या रेघेवर हिरवी झालर दिसली तर अँटिबॉडी उत्तम आहे, हात सुधारायला हवा. पिपेटने थेट सेक्शनवर पीबीएस (धुण्याचं बफर) सोडू नका, कडेला सोडा.

याच टप्प्यावर जनुकाचाही विचार करून घ्या. १डी४ शेपटाला धरते म्हणाले ना? रोडॉप्सिन ३४८ अमिनो आम्लांचं. रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये (रॉड झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारात) सापडणारा एक बदल ३४४व्या जागी साखळीच तोडतो, म्हणजे शेवटची पाच अमिनो आम्लं गायब. दुसरे काही बदल ३४७व्या प्रोलीनवर असतात. अशा उंदरात १डी४ने "रोडॉप्सिन नाही" असं दिसलं तर ते प्रथिन नसल्याचा पुरावा होत नाही, त्याचं शेपूट नाही इतकाच अर्थ. तिथे ४डी२सारखी, दुसऱ्या टोकाला धरणारी अँटिबॉडी घ्या. झेब्राफिशवाल्यांनी तर १डी४ डोळे झाकून वापरूच नये; तिथे ती रॉड सोडून तांबडा प्रकाश टिपणाऱ्या कोन पेशींना रंगवते.

कोरी स्लाइड

"सगळंच चमकतंय" वाल्यांनी आधी इथे यावं. एक सेक्शन घ्या, त्याला सगळं करा, फक्त अँटिबॉडी घालू नका. त्याच एक्सपोजरवर फोटो काढा. जे दिसेल ते ऊतीचं स्वतःचं तेज.

आरपीईत वयानुसार लिपोफस्किन (पेशीतला न पचलेला कचरा) साचतं, आणि ते निळ्या-हिरव्या प्रकाशात उजळून पिवळं-नारिंगी तेज देतं. त्याचा मोठा हिस्सा ४८८च्या चॅनेलमध्ये सांडतो. म्हाताऱ्या उंदरात तर आरपीईची पट्टी इतकी उजळते की नवखा माणूस तिलाच आउटर सेगमेंट समजतो. लाल रक्तपेशीही चमकतात. फिक्सेटिव्हमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) ग्लुटरल्डिहाइड असेल, किंवा पीएफए (पॅराफॉर्मल्डिहाइड) महिनाभर फ्रीजमध्ये मुरलेलं असेल, तर त्याचंही तेज वर चढतं. यावर सोपा तोडगा म्हणजे ४८८ सोडून ६४७ घेणं. गडद लाल भागात ऊती स्वतः फारशी चमकत नाही.

थेट रंगवलेल्या अँटिबॉडीला "फक्त दुय्यम" हा कंट्रोल लागू होत नाही. तिच्यासाठी त्याच प्रकारची, त्याच रंगाची, रेटिनात कशालाही न धरणारी उंदराची आयजीजी लागते. तीही सगळीकडे चिकटत असेल तर दोन शक्यता. मायक्रोग्लिया, म्हणजे रेटिनातल्या संरक्षक पेशी, आपल्या एफसी रिसेप्टरने कुठल्याही अँटिबॉडीचं बूड पकडतात. ते रिसेप्टर झाकणारा सीडी१६/३२ ब्लॉक आधी घातला तर ते थांबतं. किंवा रंग चिकटवल्यानंतर सुटा रंग नीट काढलेला नाही आणि तो जिथे जागा मिळेल तिथे बसतोय. मग डिसॉल्टिंग कॉलममधून पुन्हा एकदा काढा.

कडाच फक्त चमकत असतील तर सेक्शन मधेच वाळलाय. ओल्या टिश्यूचा डबा नीट बंद करा. एवढंच.

कुपी

रंगवलेल्या अँटिबॉडीचे गठ्ठे होतात, आणि गठ्ठे म्हणजे ठिपके. वापरायच्या आधी १०,००० जी वर, ४ अंशाला, दहा मिनिटं फिरवा आणि वरचं वरचं घ्या. तळाशी डोळ्याला काही दिसणार नाही, तरी तिथे पिपेट खुपसू नका. पाचव्या लक्षणासाठी माझ्याकडे यायच्या आधी हे केलं असेल तर मी चहा पाजते.

साठवण: ४ अंश, अंधार, फॉइल. -२०ला नाही. "अँटिबॉडी फ्रीजरमध्ये" ही सवय न रंगवलेल्या अँटिबॉडीच्या छोट्या वाट्या करून ठेवणाऱ्यांची. रंगवलेली गोठवली-वितळवली की गोळे होतात. वर म्हटलेल्या दोन मेलेल्या अँटिबॉडींपैकी पहिली अशीच गेली. नवीन आलेल्या मुलाने जबाबदारीने, नाव-तारीख लिहून, ती फ्रीजरमध्ये नीट रचून ठेवली होती, आणि दर सोमवारी काढून वितळवत होता.

डिटर्जंट, आणि थोडा हिशोब

आता नळीसारख्या रॉडकडे, म्हणजे चौथ्या लक्षणाकडे येऊ. मला सगळ्यात जास्त आवडणारं कोडं हेच, कारण इथे काहीच बिघडलेलं नसतं.

रोडॉप्सिन पडद्यातून सात वेळा ये-जा करतं. त्याचं शेपूट पेशीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दोन चकत्यांमधल्या पेशीद्रवात असतं, आणि डोकं चकतीच्या पोटात. म्हणजे १डी४ला बाहेरचं आवरण ओलांडावं लागतं. ४डी२ला ते ओलांडून शिवाय चकतीच्याही आत शिरावं लागतं. पडद्याला भोकं पाडणारं डिटर्जंट नसेल तर १डी४ फक्त तुटलेल्या, कापलेल्या तोंडांवर बसते. ०.१ ते ०.३ टक्के ट्रायटन पुरतं. सॅपोनिन वापरत असाल तर ते प्रत्येक बफरमध्ये हवं. काढून घेतलं की भोकं पुन्हा बुजतात. सॅपोनिन फक्त ब्लॉकिंगमध्ये घालून पुढे विसरणारे दर वर्षी एक-दोन भेटतात.

आता दाटी बघा. चकत्या साधारण दर ३० नॅनोमीटरला एक. त्यांच्यामधली फट त्याहून अर्धी. अँटिबॉडी १०-१५ नॅनोमीटरची. म्हणजे चिंचोळ्या बोळातून आडवी शिडी नेण्यासारखं आहे. आणि बोळाच्या तोंडाशीच धरायला इतके रेणू उभे असतात की अँटिबॉडी पहिल्या दारातच अडकते, आत पोचतच नाही.

हिशोबच करू. उंदराच्या रेटिनात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४ लाख ३७ हजार रॉड. पाच मिलिमीटर लांबीचा, १२ मायक्रॉन जाडीचा सेक्शन म्हणजे ०.०६ चौरस मिलिमीटर, म्हणजे सुमारे २६ हजार रॉड. गुणिले सहा-सात कोटी. एका सेक्शनमध्ये दीड ते पावणेदोन लाख कोटी रोडॉप्सिन. तुम्ही वर काय टाकता? १०० मायक्रोलिटर, मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम. म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ४० हजार कोटी अँटिबॉडी. प्रत्येकीचे दोन्ही हात कामी आले असं धरलं तरी निम्म्या रोडॉप्सिनला हात पुरत नाहीत. आणि स्लाइडवर चार सेक्शन असतील तर तोच थेंब चौघांत वाटला जातो.

म्हणून तीन गोष्टी. फिका सिग्नल असेल आणि तुम्ही काटकसर म्हणून अँटिबॉडी दुप्पट पातळ केली असेल, तर कारण सापडलं. स्लाइडवरचे सेक्शन कमी करा, किंवा मात्रा मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमपर्यंत चढवा, रात्रभर ४ अंशाला ठेवा. नळ्या दिसत असतील तर सेक्शन पातळ घ्या, ट्रायटनचा वेळ वाढवा. आणि या चित्रातल्या उजळपणावरून "रोडॉप्सिन ३० टक्क्यांनी घटलं" असं कुणी लिहीत असेल तर त्याला थांबवा. अँटिबॉडीच अपुरी असताना उजळपणा अँटिबॉडीची मोजणी करतो, रोडॉप्सिनची नाही. मोजायचं असेल तर ब्लॉट करा (प्रथिन पट्टीवर उतरवून त्यावर अँटिबॉडी घाला), नाहीतर ५०० नॅनोमीटरला शोषण मोजा.

फिक्सेशन

४ टक्के पीएफए, डोळ्याचा कप अर्धा ते दोन तास. रात्रभर ठेवलेल्या डोळ्यांत सिग्नल कमी होतो, कारण प्रथिनं एकमेकांना इतकी बांधली जातात की अँटिबॉडीला शिरकाव नाही. फिक्सेशन अपुरं राहिलं तर आउटर सेगमेंट भुसभुशीत होऊन गळतात. जास्त झालेलं असेल तर सिट्रेट, पीएच ६, गरम करून बघा. कधी जमतं, कधी सेक्शनच काचेवरून उठतो. माझं मत विचाराल तर नवा डोळा घेणं बरं.

रंग किती चिकटलाय

इथून पुढे स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो आणि थोडी अँटिबॉडी खर्ची पडते, म्हणून इतक्या उशिरा. घरी, म्हणजे आपल्याच प्रयोगशाळेत रंगवलेल्या अँटिबॉडीला ही तपासणी चुकवू नका.

एका अँटिबॉडीवर रंगाचे किती रेणू बसलेत ते काढायचं. ॲलेक्सा ४८८साठी: २८०ला आणि ४९५ला शोषण मोजा. ४९५च्या आकड्याचा ०.११ भाग २८०मधून वजा करा, कारण रंग तिथेही थोडं शोषतो. उरलेल्याला २,१०,०००ने भागलं की अँटिबॉडी. ४९५च्या आकड्याला ७१,०००ने भागलं की रंग. समजा २८०ला ०.९० आणि ४९५ला १.२ आलं. ०.९० वजा ०.१३ म्हणजे ०.७७, अँटिबॉडी ३.७ मायक्रोमोलर. रंग १६.९. भागाकार साडेचारच्या आसपास. छान. चार ते सात-आठपर्यंत मला चालतं.

दोनच्या खाली आला तर सिग्नल फिका असणारच. नेहमीचं कारण: अँटिबॉडी ट्रिस बफरमध्ये होती, किंवा कुपीत ग्लायसीन वा बीएसए (अँटिबॉडी टिकावी म्हणून घातलेलं दुसरं प्रथिन) होतं. रंगाचा एनएचएस गट अमाइन दिसलं की त्याला चिकटतो, ट्रिसचं अमाइन अँटिबॉडीच्या आधी तो रंग खाऊन टाकतं. आधी पीबीएसमध्ये बदला, मग बायकार्बोनेट, पीएच ८.३.

उलटी चूकही तितकीच होते. एकाने "जास्त रंग, जास्त उजेड" म्हणून चौपट रंग घातला. भागाकार चौदाच्या जवळ आला. कुपी डोळ्याला मस्त पोपटी, सेक्शन मात्र मरतुकडा. रंगाचे रेणू दाटीने बसले की एकमेकांचा उजेड गिळतात, आणि अँटिबॉडीच्या पकडीच्या जागेवरच्या लायसीनवरही रंग बसला तर ती धरायचंच विसरते.

विकत घेतलेल्या कुपीत बहुधा बीएसए असतं. तिथे २८०चा आकडा निरर्थक. मोजत बसू नका.

शेवटचा न्याय: ब्लॉट

वरचं सगळं करूनही काळोखच असेल तर अँटिबॉडी रोडॉप्सिनला धरते का, ते ऊतीच्या बाहेर बघायचं. मी मटणाच्या दुकानातून सकाळी लवकर बोकडाचा डोळा आणते. आडवा कापला, जेली काढली की मागे मोरपिशी झाक मारणारा थर दिसतो, आणि त्यावर ओल्या टिश्यूसारखी पातळ फिकट रेटिना. ती चिमट्याने अलगद उचलायची, डिटर्जंटमध्ये विरघळवायची, आणि नायट्रोसेल्युलोजवर थेंब थेंब ठेवायचे. शेजारी त्याच बोकडाच्या यकृताचे थेंब. एका पट्टीवर रंगवलेली १डी४, दुसरीवर न रंगवलेली १डी४ आणि अँटि-माउस दुय्यम. दुसरी चमकली आणि पहिली नाही, तर दोष रंगवण्यात. दोन्ही नाही, तर दोष अँटिबॉडीत किंवा नमुन्यात. दोन्ही चमकल्या तर तुमच्या सेक्शनमध्ये काहीतरी आहे. परत वर जा.

जेल चालवणार असाल तर एक विनंती: नमुना उकळू नका. बाकी सगळी प्रथिनं ९५ अंशाला पाच मिनिटं उकळायची आपली हाताची सवय. रोडॉप्सिन उकळलं की त्याचा लगदा होऊन जेलच्या तोंडाशीच अडकतो आणि ४० किलोडाल्टनच्या जागी काहीच दिसत नाही. खोलीच्या तापमानाला वीस मिनिटं ठेवा आणि चालवा. वर ७५-८०च्या आसपास दुसरा पट्टा दिसला तर घाबरू नका, जोडीने फिरणारं रोडॉप्सिन आहे ते.

कुठे थांबायचं

खात्रीची स्लाइडही काळी दिसत असेल तर तिथेच थांबा आणि मायक्रोस्कोपच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. लेझरचं आवरण स्वतः उघडायचं नाही, मिरवायलासुद्धा नाही. न दिसणारा किरणही डोळा जाळतो. पाऱ्याचा दिवा गरम असताना बदलायचा नाही. फुटला तर खोलीबाहेर पडा, दार लावा, सुरक्षा विभागाला कळवा. केरसुणी घेऊन पारा गोळा करायला बसू नका.

पाळणाघरात अनपेक्षित आरडी१ सापडला तर तुमचा प्रयोग बाजूला ठेवा आणि तिथल्या पशुवैद्यांना सांगा, कारण मग प्रश्न बाकीच्यांच्या पिंजऱ्यांचाही आहे. माणसाच्या डोळ्याचा नमुना असेल तर दुसरा प्रयत्न फसल्यावर तिसरा करू नका. तो ऊतीचा तुकडा परत मिळणार नाही, नेत्रविकृतीतज्ज्ञाला सोबत घ्या. आणि दोन वेळा घरी रंगवूनही भागाकार जमत नसेल तर पैसे मोजून रंगवून घ्या. तिसऱ्या प्रयत्नात जाणारी अँटिबॉडी त्याहून महाग असते.

ब्लॉटच्या दोन्ही पट्ट्या काळ्या राहिल्या आणि बोकडाची रेटिना दुसऱ्या कुठल्या अँटिबॉडीने नीट दिसली, तर मात्र विक्रेत्याला लिहा. माझी दुसरी मेलेली अँटिबॉडी अशी सापडली: मे महिन्यात शुक्रवारी दुपारी पार्सल आलं, गेटवरच राहिलं, सोमवारी उघडलं तेव्हा जेलचे पॅक कोमट होते. आम्ही तेव्हा फोटो काढला नव्हता, म्हणून भांडताही आलं नाही. आता खोका उघडतानाच पॅकचा आणि थर्मामीटरचा फोटो काढतो. पत्रात लॉट नंबर, मिळाल्याची तारीख, थेंबाच्या परीक्षेचं चित्र, दोन्ही ब्लॉट आणि खात्रीच्या स्लाइडचं त्याच दिवसाचं चित्र घाला. एवढं जोडलेलं असलं की पहिल्या उत्तरात "कृपया मायक्रोस्कोप तपासा" असं येत नाही.